बाळोत्यांचे गाठोडे

काही वाद सभागृहांत होतात, काही न्यायालयांत होतात आणि काही माजघरात होतात. पहिल्या दोन प्रकारच्या वादांची टिपणे ठेवण्यासाठी माणसे नेमलेली असतात. माजघरातील वादाची नोंद मात्र कोणीच ठेवीत नाही. वास्तविक चुरस, चातुर्य आणि चिकाटी या तिन्ही बाबतींत माजघर कोणत्याही सभागृहास हार जाणार नाही. शिवाय येथे एक मौज अशी असते की, ज्याच्या हितासाठी हा सारा वाद चालतो, तो मूळ पुरुष पाळण्यात पालथा पडून आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या खटपटीत असतो.

गेल्या दसऱ्याच्या सुटीत आमच्या धारवाडच्या घरी असाच एक वाद झाला. माझी चुलत बहीण, आमची ताई, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून नोकरी करणाऱ्या स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती रजा संपत आली होती. बाळाचे उष्टावण झाले, आणि ताई, काकू व बाळ अशा मंडळींनी पुण्यास निघावयाचे ठरले. सामान उचलण्यासाठी आणि बाळ रडू लागल्यास त्याला डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविण्यासाठी माझी नेमणूक झाली. माझी दहावीची सहामाही परीक्षा नुकतीच संपली असल्याने मला सबब सांगावयास जागा उरली नव्हती.

निघण्याच्या चार दिवस आधी आजीने कपाटातून एक गाठोडे काढले आणि ताईच्या पुढ्यात ठेवले. त्यात नाडीचे लंगोट होते, चौकोनी फडकी होती, दुपटी होती, दोन झबली आणि एक कुंची होती. आजी म्हणाली, "चोवीस लंगोट आहेत. मोजून घे."

ताईच्या पिशवीत डायपरचे पुडके आधीच जाऊन बसले होते. ती जरा थांबून म्हणाली, "आजी, अगं गाडीत हे धुऊ कुठं आणि वाळत घालू कुठं?"

"आम्ही नाही का गेलो?"

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नाही. 'आम्ही नाही का' हे आजीचे ब्रह्मास्त्र आहे. मात्र या खेपेस ताईनेही ते मुकाट्याने सोसले नाही. ती म्हणाली, "मग सांग तरी, कशी गेलीस ते."

आजी गेली होती ती १९७४ साली, श्रावणात. त्या वेळी धारवाडहून मिरजेपर्यंत मीटरगेजची गाडी असे. मिरजेस उतरावयाचे, सामान उचलावयाचे आणि पुण्याकडे जाणारी ब्रॉडगेजची गाडी धरावयाची. मांडीवर पाच महिन्यांचे काका होते. (आमच्या काकांची आजची देहयष्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वाक्य पुन्हा एकदा वाचावेसे वाटेल.) लंगोट ओला झाला की आजी तो पिळी आणि खिडकीच्या गजाला बांधी. गाडी धावू लागली की तो वाऱ्यावर फडफडे आणि अर्ध्या तासात वाळे. निदान वाळावा अशी अपेक्षा असे. पण श्रावणातला लोंढ्याचा पाऊस तिच्या हिशेबात नव्हता. अळणावर सोडल्यापासून जी झड लागली ती बेळगाव आले तरी थांबेना. गजाला बांधलेले लंगोट वाळण्याऐवजी अधिकच भिजले. खानापुरास शेवटचा कोरडा लंगोट संपला. पुढे घटप्रभेस एक कन्नड बाई डब्यात चढली. कूसु ओल्यात निजले आहे हे तिने पाहिले, आपले बोचके सोडले, त्यातले एक जुने, विटलेले इरकल काढले आणि दातांनी धार धरून टर्रकन त्याचे चार तुकडे केले. ना ओळख, ना देख. मिरजेच्या गर्दीत ती बाई कोठे गेली ते आजीला कळलेही नाही. ते इरकल पुढे माझ्या वडिलांच्याही उपयोगी पडले असे आजी सांगते, आणि ते सांगताना तिचा स्वर असा काही होतो की ऐकणाऱ्याने वाद घालू नये.

ताईने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "आता खिडकीला गजच नाहीत गं."

आणि ते खरेच आहे. सप्टेंबर २०२४ पासून हुबळीहून पुण्याला वंदे भारत गाडी जाऊ लागली. मिरजेस गाडी बदलण्याचा प्रश्न तर मीटरगेज गेले तेव्हाच मिटला होता. आता साडेआठ तासांत पुणे येते. परंतु त्या डब्याच्या काचा उघडत नाहीत. आतली हवा थंड आणि कोंडलेली. तेथे ओला लंगोट वाळत घालण्याची कल्पना सोडाच, तो नुसता पिशवीत ठेवला तरी शेजारच्या प्रवाशांना त्याची वार्ता पोहोचावयाची. आजीचा मुलूख तोच आहे, रूळही बव्हंशी त्याच वाटेने जातात. पण तिची युक्ती ज्या वाऱ्यावर उभी होती तो वारा आता डब्यात येत नाही.

आता कापडाच्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. नाही तर आजीवर अन्याय होईल. बाळोती नेहमी जुन्या कापडाची करतात. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावू नये अशी जी चाल अनेक घरांतून आहे, तिच्यामागे निव्वळ समजूत नसून व्यवहारही आहे. नव्या सुती कापडात खळ असते. शिवाय कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा एक पातळ थर असतो. असे कापड पाणी चटकन शोषून घेत नाही आणि कोवळ्या कातडीस टोचतेही. शेदोनशे धुण्या झाल्या की खळ जाते, मेण जाते, तंतू सुटे होतात आणि त्यांच्यामधील बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढते. म्हणून झिजलेले धोतर किंवा लुगडे हेच बाळोत्यासाठी उत्तम. ज्या वस्त्राची माणसाने आयुष्यभर सेवा घेतली, ते निवृत्त होता होता सर्वांत नाजूक कामावर रुजू होते! आमचा धारवाड प्रांत तर कापसाचाच. १८४० च्या सुमारास येथील शेतकऱ्यांनी अमेरिकेतून आलेले बी पेरून पाहिले, आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाचा कापूस मुंबई बंदरातून परदेशी जाऊ लागला. अशा मुलखातल्या म्हाताऱ्या माणसाला कापडाविषयी अभिमान वाटावा यात नवल नाही.

आजीचा दुसरा मुद्दा याहून मार्मिक होता. लंगोट ओला झाला की मूल रडते. ते रडले की आई उठते, त्याला कोरडे करते. आणि हळूहळू आईला मुलाच्या वेळा कळतात. झोपेतून उठल्यावर आणि दूध प्यायल्यावर थोड्या वेळाने त्याला पायांवर धरून 'शू ऽ शू' केले की काम होते. त्यामुळे लंगोटांची संख्याच कमी होत जाते. "तुमच्या त्या पिशवीत मूल ओलं झालं हे त्यालाही कळत नाही आणि तुम्हांलाही कळत नाही," असे आजी म्हणाली. 'पिशवी' हा तिचा डायपरसाठीचा शब्द. बहुतेक घरांतून डायपरला, तो कोणत्याही कंपनीचा असो, सरसकट 'हगीज' म्हणतात. हे एका विलायती मालाचे नाव असून मिठी मारणे या अर्थाच्या शब्दावरून ते आले आहे. पण मराठी कानाला त्याचा जो अर्थ लागतो, तो इतका समर्पक आहे की आजी ते नाव उच्चारावयासच तयार नाही.

येथपर्यंत कापडाचा पक्ष भारी दिसतो. पण लंगोट आपोआप धुतले जात नाहीत. काका संध्याकाळी चहा पिता पिता कापडाच्या बाजूने पृथ्वी, पर्यावरण आणि पूर्वजांचे शहाणपण यांवर उत्तम बोलले. ते बोलत असताना काकू न्हाणीघरात लंगोट घुसळीत होत्या. मला वाटते, या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार कोणास आहे हे ठरविण्यासाठी एक सोपी कसोटी लावावी: आज सकाळी तुम्ही किती लंगोट धुतले? काकूंचा हात त्या आठवड्यात दुखावला होता, म्हणून चार दिवस ते काम मी केले, आणि ते कसे असते हे येथे नमूद करून ठेवतो. आधी गार पाण्यात खळबळावयाचे. मग गरम पाण्यात साबण लावून चोळावयाचे. मग एकदा, दोनदा, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावयाचे. कारण साबणाचा अंश राहिला तर बाळाच्या मांड्या लाल होतात. लंगोट ओलाच पडून राहिला तर मूत्रातील युरियाचे जंतूंकरवी अमोनियात रूपांतर होते. विज्ञानाच्या पुस्तकात या वायूचा वास 'उग्र' अशा एका शब्दात उरकलेला आहे. पुस्तक लिहिणाऱ्या विद्वानांनी सकाळची बादली उघडून पाहिली असती तर त्यांना एक शब्द पुरला नसता.

आणि या साऱ्याला पाणी लागते. हुबळी-धारवाडच्या लोकांना पाण्याविषयी वेगळे सांगावयास नको. मलप्रभेचे पाणी सौंदत्तीजवळच्या धरणातून येते. काही प्रभागांत २००८ साली चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, त्याआधी अनेक वस्त्यांत नळ कित्येक दिवसांनी एकदा येई. ताईचा जन्म त्या दिवसांतला. काकू सांगतात की नळ येण्याच्या आदल्या रात्री घरातील एकेक हंडा मोकळा झालेला असे, आणि तेव्हा वाटीभर पाणीसुद्धा आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग लंगोटाला, अशा क्रमाने वाटले जाई. म्हणजे कापड की कागद हा वाद पुष्कळदा मनाच्या कलाने सुटत नाही. नळाच्या वेळापत्रकाने सुटतो.

डायपरच्या आत काय असते याचे कुतूहल मला कधीचे होते. ताईकडून एक कोरा डायपर मागून घेतला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि कात्रीने उघडला. आतल्या बाजूस पातळ, विणल्यासारखे दिसणारे पण न विणलेले प्लॅस्टिकचे अस्तर. बाहेरच्या बाजूस पाणी न गळू देणारा पापुद्रा. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा पिंजलेला थर, आणि त्यात साखरेसारखे बारीक शुभ्र कण. सारी करामत त्या कणांची. त्यांना सोडियम पॉलिअॅक्रिलेट म्हणतात. चमचाभर कण पेल्यात घेऊन वर पाणी ओतले, तर पाहता पाहता पाण्याची खळ झाली. पेला उलटा केला तरी थेंब पडेना! आजीसुद्धा पाहावयास आली. मग आमच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे त्यावर चमचाभर मीठ टाकले. थोड्याच वेळात खळ पातळ झाली आणि तिने धरून ठेवलेले पाणी पुन्हा सुटले. क्षार मिसळले की या कणांची पाणी धरण्याची शक्ती उतरते. मूत्रातही क्षार असतातच. त्यामुळे साध्या पाण्यावर दिसणारा पराक्रम बाळाच्या अंगावर तितकासा चालत नाही. आजी म्हणाली, "मिठाला जागणारं दिसत नाही." या विनोदावर ती स्वतःच पुष्कळ वेळ हसली.

या वस्तूचा इतिहासही माजघरातूनच सुरू होतो. १९४६ साली मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन आईने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालावयाचे पाणी न गळणारे आवरण शिवले. १९५१ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. पुढे व्हिक्टर मिल्स नावाच्या एका रसायन अभियंत्याला नातवंडाचे लंगोट बदलण्याचा कंटाळा आला, आणि त्याच्या देखरेखीखाली झालेल्या खटपटीतून १९६१ साली पॅम्पर्स हा टाकाऊ लंगोट बाजारात आला. आरंभी तिकडेही असे लंगोट मुख्यतः प्रवासापुरतेच वापरीत. म्हणजे इकडे आमची आजी आणि तिकडे तो आजोबा! आजोबांना लंगोट बदलावे लागले आणि शोध लागला. आज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते बदलले आणि कोणी विचारले नाही, हा निष्कर्ष काकूंचा आहे, माझा नव्हे.

परंतु वापरलेला डायपर जातो कोठे? माझ्या मते या वादातला खरा अवघड प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच आमच्या माजघरात सर्वांत शेवटी निघाला. रेल्वेच्या शौचालयात तो टाकता येत नाही. पूर्वी सारे काही थेट रुळांवर पडे. आता डब्याखाली जैव-शौचालयाच्या टाक्या असतात. त्यांतले जंतू मैला पचवितात, प्लॅस्टिक पचवीत नाहीत. डायपर आत गेला की नळी तुंबते, आणि मग कोणाला तरी ती मोकळी करावी लागते. जाळावा तर विषारी धूर. पुरावा तर ते प्लॅस्टिक कित्येक पिढ्या तसेच राहते. कचऱ्याच्या डब्यात टाकावा, तर तो डबा कोणीतरी हातांनी निवडतो.

हा 'कोणीतरी' कोण हे पुण्याने उघडपणे सांगितले. तेथे कचरा वेचणाऱ्या स्त्रीपुरुषांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून आहे, आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. दुसऱ्याच्या घरचे मळके डायपर आणि पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात याचा या बायांना इतका वीट आला की, २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून त्या बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत धाडल्या! तुमचा माल, तुम्हीच सांभाळा. असल्या वस्तू गुंडाळून देण्यासाठी त्यांनी रद्दी वर्तमानपत्रांच्या पिशव्याही बनविल्या, आणि पुडक्यावर तांबडा ठिपका करा, म्हणजे उघडून पाहावे लागणार नाही, असे नागरिकांना विनविले. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनीही, असा कचरा नीट गुंडाळूनच द्यावा आणि गुंडाळण्याची पिशवी उत्पादकांनी पुरवावी, असे सांगितले. तांबड्या ठिपक्याची ती गोष्ट ताईनेच आम्हांला सांगितली. तिच्या सोसायटीत येणाऱ्या मावशींशी तिची ओळख आहे. ती म्हणाली, "मला निवडायचं आहे ते कापड आणि कागद यांतलं नाही. काकूंनी धुवायचं की मावशींनी उचलायचं, एवढंच आहे."

यावर कोणी काही बोलले नाही. काकांनी इंग्लंडचा दाखला काढला. तेथील पर्यावरण खात्याने २००८ साली हिशेब मांडला होता: अडीच वर्षांत एका मुलापायी डायपरने सुमारे ५५० किलो कार्बन डायॉक्साइडचा बोजा हवेवर पडतो आणि कापडी लंगोटाने सुमारे ५७० किलो. म्हणजे फरक नाहीच. पण हा हिशेब कढत पाण्याच्या यंत्राचा आणि विजेवर कपडे वाळविण्याचा. तेच लंगोट एकदम भरपूर धुतले, दोरीवर वाळविले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले तर सुमारे २०० किलो वाचतात, असेही त्याच हिशेबात होते. आमच्या गच्चीवर धारवाडचे ऊन फुकट आहे. पुण्यातील ताईच्या सदनिकेला मात्र हातभर रुंदीची गॅलरी आहे आणि तिच्यावर दुपारी तीननंतर ऊन येते.

निघण्याच्या आदल्या रात्री ताई ते गाठोडे पुन्हा उघडून बसली होती. लंगोट चाचपता चाचपता तिला एकाच्या कडेला बारीक तांबडा काठ दिसला. "आजी, हे आजोबांचं धोतर ना गं?" आजी वाती वळीत होती. तिने वर पाहिले नाही. "चार होती. दोन देवळात दिली. दोन राहिली होती." आजोबांना जाऊन आता दोन वर्षे होतील. ताईने चोवीसही लंगोट एकेक करून घडी घातले आणि डायपरचे पुडके पिशवीतून काढून त्यातले सहा तेवढे परत ठेवले.

प्रवासाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पहाटे धारवाडला गाडीत बसलो. गाडीत डायपर आणि गाडीबाहेर लंगोट असे ठरले होते. दर तीन तासांनी ताईने डायपर बदलला; भरला असो वा नसो, त्याहून अधिक वेळ ठेवावयाचा नाही असे डॉक्टरांनी तिला बजावले होते, कारण कोंडलेल्या ओलाव्याने आणि उबेने पुरळ उठते. साताऱ्याजवळ बाळाने उष्टावणानंतरच्या नव्या आहाराचा जोरदार प्रत्यय दिला. वापरलेला प्रत्येक डायपर काकू वर्तमानपत्रात गुंडाळीत आणि मी त्यावर तांबड्या पेन्सिलीने ठिपका काढी. पुण्यापर्यंत चार पुडकी झाली. गाडीतल्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकावयाची नाहीत असा ताईचा आग्रह, म्हणून ती पुडकी मी माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीशेजारी, पुण्यापर्यंत वाहून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा ताईने ती स्वतः त्यांच्या हाती दिली. मावशींनी ठिपके पाहिले, बाळ पाहिले आणि बाळाच्या गालाला बोट लावण्याआधी हात धुवावयास पाणी मागितले.

आता ताई कामावर जाते. पाळणाघरात कापडी लंगोट चालत नाहीत. तेथे दहा मुलांमागे दोघी बायका आहेत आणि त्यांनी धुणे कधी धुवावे? म्हणून दिवसा डायपर, आणि संध्याकाळी व रविवारी आजीचे लंगोट. आजी दर रविवारी फोनवर हालहवाल विचारते. पहिला प्रश्न बाळाच्या वजनाचा, दुसरा लंगोटांचा. मागच्या रविवारी ताईने तिला सांगितले की रोजच्याला दहाबारा पुरतात, बाकीचे नुसतेच पडून आहेत.

"मग ते परत पाठव," आजी म्हणाली. "तांबड्या काठाचे तेवढे तुझ्याकडे ठेव. उरलेल्यांची गोधडी शिवते. थंडी येतेय."